गट काढून टाकला, तरी मेमरी त्याच्याच नावावर: मृत सीग्रुपांचं करायचं काय?

कर्नलवाचक (धागाकर्ता)

लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसचे गट करून त्यांची मेमरी मोजणाऱ्या आणि तिच्यावर मर्यादा घालणाऱ्या सीग्रुप या सोयीची दुसरी आवृत्ती वापरणाऱ्यांपैकी कुणी हा प्रकार पाहिलाय का? एका पालक गटाखाली थोड्या वेळापुरते पोटगट तयार होतात, काम उरकतात आणि त्यांची डिरेक्टरी काढून टाकली जाते. पालकाच्या 'मेमरी.करंट' फाइलीतला (गटाच्या सध्याच्या एकूण मेमरीचा) आकडा मात्र हयात पोटगटांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा दिसतो. ज्या गटाने आपल्या पोटगटांसाठी मेमरी कंट्रोलर चालू केलाय त्यात स्वतःच्या प्रोसेस ठेवता येत नाहीत, म्हणजे हा फरक पालकाच्या स्वतःच्या खर्चाचा आहे असंही म्हणता येत नाही. मग ही मेमरी कुणाच्या नावावर आहे?

उत्तर असं, की ती काढून टाकलेल्या गटांच्याच नावावर आहे. गटात एकही प्रोसेस आणि एकही पोटगट उरला नाही की डिरेक्टरी लगेच काढता येते. आपल्या नजरेपुरता गट तिथे संपतो. कर्नलच्या आत मात्र तो फक्त 'ऑफलाइन' होतो. त्याच्या नावावर चढवलेलं प्रत्येक पेज (मेमरीचा छोटा तुकडा) त्याचा एक संदर्भ धरून असतं आणि शेवटचा संदर्भ सुटेपर्यंत त्या गटाची रचना मेमरीतून जात नाही. अशा गटांना कर्नलच्या चर्चांमध्ये मरणासन्न किंवा झोंबी गट म्हणतात. मी सरळ मृत गट म्हणतो.

प्रोसेस संपली की तिची खाजगी पेजेस सुटतात, तो भाग सोपा आहे. मागे राहतात ती वाचलेल्या-लिहिलेल्या फाइलींची पेज कॅशे (मेमरीत ठेवलेली प्रत), टीएमपीएफएसमधल्या (मेमरीतच राहणाऱ्या फाइलसिस्टममधल्या) फाइली, स्वॅपमध्ये गेलेला मजकूर आणि जुन्या कर्नलवर स्लॅबमधल्या वस्तू (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या रचना), म्हणजे डेंट्री, इनोड वगैरे, ज्यांत फाइलींची नावं आणि माहिती असते.

हिशेबाचा नियम आहे 'पहिला स्पर्श'. ज्या गटाने पेज पहिल्यांदा मेमरीत आणलं त्याच्या नावावर ते चढतं आणि मोकळं होईपर्यंत तिथेच राहतं. नंतर ते दुसऱ्याच गटाने रोज वापरलं तरी नाव बदलत नाही. माझ्या मते सगळी गुंतागुंत या एका नियमातून येते. एका अल्पायुषी गटाने एखादी शेअर्ड लायब्ररी पहिल्यांदा उघडली आणि तो गेला. त्यानंतर येणारे सगळे गट तीच लायब्ररी वापरतात, त्यामुळे तिची पेजेस कायम गरम राहतात. रिक्लेम, म्हणजे वापरात नसलेली पेजेस परत घ्यायचं कर्नलचं काम, गरम पेजेसना हात लावत नाही. म्हणजे हयात गटांच्या वापरामुळे मृत गट जिवंत राहतो आणि त्याला एवढं एक पेजसुद्धा पुरतं.

प्रश्न असा की हे निस्तरायची योग्य जागा कोणती? पेजेस हाकलणं की हिशेब दुसरीकडे नेणं?

शून्यप्रत

कॅशे ही कॅशेच आहे ना? मेमरी कमी पडली की कर्नल ती मोकळी करेलच. उगाच त्रास का करून घ्यायचा?

रात्रपाळी

@शून्यप्रत, कागदावर पटतं. प्रत्यक्षात आमच्या जुन्या कर्नलच्या कंटेनर मशीनवर नवीन कंटेनर सुरूच होईना. एरर होती 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. सगळ्यांनी आधी डिस्क तपासली, ती रिकामी. इनोड तपासले, तेही भरपूर. सीग्रुपची डिरेक्टरी तयार करतानाच ही एरर येत होती आणि डिरेक्टऱ्या मोजल्या तर मोजक्याच. मशीन रीबूट केलं की काही काळ सुरळीत, मग पुन्हा तेच.

कर्नलवाचक

@रात्रपाळी, तुमचा अनुभव या विषयातला सगळ्यात बोलका नमुना आहे. मेमरी कंट्रोलर प्रत्येक गटाला १६ बिटांचा ओळख क्रमांक देतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ६५,५३५. क्रमांक इतका आखूड ठेवला कारण स्वॅपमधल्या प्रत्येक जागेसाठी तो नोंदवून ठेवावा लागतो आणि तिथे एकेक बाइट महाग पडतो. पूर्वी हा क्रमांक गटाची रचना पूर्ण जाईपर्यंत अडकून राहायचा. थोडी कॅशे मागे सोडणारी छोटी छोटी कामं सतत चालवली की मृत गटच सगळे क्रमांक खाऊन टाकायचे आणि नव्या गटाला जागा नाही असं उत्तर यायचं. २०१६ मध्ये कर्नल विकासक योहानेस वायनर यांनी क्रमांकाचं आयुष्य रचनेपासून वेगळं केलं. गट ऑफलाइन झाला की क्रमांक मोकळा होतो, फक्त त्या गटाचं काही स्वॅपमध्ये असेल तर ते परत येईपर्यंत थांबतो.

@शून्यप्रत, पेजेस परत मिळतील हे खरं आहे, पण महाग पडते ती गटाची रचना. तिच्यात प्रत्येक सीपीयूसाठी वेगळे मोजणी-आकडे असतात आणि प्रत्येक नोडसाठी (मशीनच्या मेमरीच्या विभागासाठी) वेगळ्या एलआरयू याद्या, म्हणजे पेजेस किती अलीकडे वापरली त्यानुसार लावलेल्या याद्या. सीपीयू जितके जास्त तितकी एकेक रचना फुगत जाते. एका चार केबीच्या पेजसाठी त्याच्या कितीतरी पट मेमरी अडकून राहते आणि ती कर्नलची स्वतःची मेमरी असल्यामुळे रिक्लेमला ती मोकळी करता येत नाही. शेवटचं पेज सुटेल तेव्हाच ती सुटते.

दुसरा खर्च वेळेचा. रिक्लेम करताना कर्नल गटांचं झाड एकेक करून चालतो आणि त्या चालण्यात मृत गटही येतात. ते यायलाच हवेत, नाहीतर त्यांची पेजेस कोण गोळा करणार? पण हजारो मृत गट असले तर प्रत्येक फेरीत त्या सगळ्यांची दारं ठोठवावी लागतात, आत एखादंच पेज असलं तरी. जुन्या कर्नलवर 'मेमरी.स्टॅट' वाचतानाही पूर्ण झाड चालावं लागे, त्यामुळे कंटेनरवर लक्ष ठेवणारी साधनं अडखळायची. ५.१३ मध्ये ही आकडेवारी वेगळ्या पद्धतीने गोळा होऊ लागली, तेव्हा तो त्रास बराच कमी झाला.

आणि मुख्य म्हणजे 'मेमरी कमी पडली की' हीच अट पूर्ण होत नाही. मशीनवर भरपूर मेमरी मोकळी असेल तर केस्वॅपडी (मागे राहून रिक्लेम करणारी कर्नलची प्रोसेस) जागाच होत नाही आणि पालक गटाला मर्यादा घातलेली नसेल तर त्याच्या पातळीवरही रिक्लेम सुरू होत नाही. मोठ्या मेमरीच्या मशीनवर हा प्रश्न अधिक साठतो तो यामुळे.

जुनापेजर

चांगला विषय काढलात. थोडा इतिहास सांगतो, कारण आजची स्थिती एका जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयातून आली आहे आणि तो निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही.

सीग्रुप २.६.२४ मध्ये आले, मेमरी कंट्रोलर २.६.२५ मध्ये, दोन्ही २००८ साली. पुढे कित्येक वर्षं डिरेक्टरी काढताना गटाची उरलेली पेजेस एकेक करून पालकाच्या नावावर चढवली जायची. ऐकायला हे आदर्श वाटतं. पण प्रत्येक पेजला हात लावायचा, त्याचं कुलूप मिळवायचं, त्याच वेळी कुणी ते पेज दुसरीकडे हलवत नाही ना हे बघायचं, आणि हे सगळं डिरेक्टरी काढणाऱ्या प्रोसेसला ताटकळत ठेवून. लाखो पेजेस असली की ती तिथेच अडकून पडायची. यातून लॉकअपही झाले, म्हणजे कर्नल अडकून बसला.

३.१९ मध्ये, म्हणजे २०१५ च्या सुरुवातीला, वायनर यांनीच ही प्रथा बंद केली. त्याआधी सीग्रुपच्या गाभ्यात असा बदल झाला होता की झाड चालताना ऑफलाइन गटही दिसू लागले. त्याचा फायदा घेऊन त्यांनी ठरवलं की पेजेस आहेत तिथेच राहू द्यावीत आणि पालकावर ताण आला की रिक्लेमने मृत पोटगटांमधूनही ती गोळा करावीत. कोड खूप सोपा झाला, लॉकअप गेले. त्या बदल्यात मृत गट साठू लागले.

पुढची गोष्ट स्लॅबची. प्रत्येक गटाचे स्वतंत्र स्लॅब कॅशे असायचे, त्यामुळे एक डेंट्री उरली तरी अख्खा संच अडकायचा. आणि त्या वेळच्या श्रिंकरचा (स्लॅबच्या वस्तू मोकळ्या करणाऱ्या कोडचा) हिशेब बघा. किती वस्तू तपासायच्या हे ठरवताना एकूण संख्येला प्राधान्याइतक्या बिटांनी उजवीकडे सरकवतात, म्हणजे तितक्या वेळा दोनने भागतात. प्राधान्य १२ पासून सुरू होतं. म्हणजे ४,०९६ पेक्षा कमी वस्तू असतील तर उत्तर शून्य! मृत गटात बहुधा थोड्याच वस्तू असतात, म्हणून हलक्या ताणाखाली त्यांना कुणी हातच लावत नव्हतं.

रोमन गुश्चिन यांनी ४.१९ मध्ये थोड्या वस्तूंवरही किमान ताण येईल अशी दुरुस्ती घातली. तिच्यामुळे इतरत्र कामगिरी घसरल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१९ च्या सुरुवातीला ती मागे घेतली गेली. मला यातली ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. मृत गट घालवण्यासाठी रिक्लेम आक्रमक केला की त्याची झळ हयात गटांना बसते, कारण रिक्लेमचा कोड दोघांसाठी एकच आहे.

मग त्यांनी वाट बदलली. ५.३ मध्ये मृत गटाचे स्लॅब कॅशे पालकाकडे सोपवले जाऊ लागले. ५.९ मध्ये प्रत्येक गटाचे वेगळे कॅशेच राहिले नाहीत. सगळ्यांच्या वस्तू एकत्र, आणि प्रत्येक वस्तू 'ऑब्जसीग्रुप' नावाच्या छोट्या मधल्या रचनेकडे बोट दाखवते. ती रचना गटाकडे बोट दाखवते. गट मेला की त्या मधल्या रचनेचं एक बोट पालकाकडे वळवायचं. हजारो वस्तू असल्या तरी एकीलाही हात लावायचा नाही. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय असं मला वाटतं.

निळीशाई

अप्रतिम प्रतिसाद, @जुनापेजर! एक शंका. स्लॅबला जी युक्ती लागू पडली तीच पेज कॅशेला का लगेच लावली नाही?

जुनापेजर

कारण पेज एलआरयू यादीतही असतं आणि ती यादी गटाची, त्यातही नोडनुसार वेगळी. स्लॅबच्या वस्तूचा मालक बदलला तर फक्त हिशेब बदलतो. पेजचा मालक बदलला तर त्याची यादी बदलते आणि यादीबरोबर तिचं कुलूपही बदलतं. एखादा कोड पेजवरून गट शोधतो, गटावरून यादी, मग यादीचं कुलूप घेतो. या दोन पावलांच्या मध्येच गट मेला आणि पेज पालकाकडे गेलं तर हातात चुकीच्या यादीचं कुलूप राहतं. म्हणून कुलूप घेतल्यावर पुन्हा तपासावं लागतं की पेज अजून याच यादीचं आहे ना, नसेल तर सोडून पुन्हा प्रयत्न. हा बदल मेमरी व्यवस्थापनाच्या अत्यंत वर्दळीच्या भागात करायचा आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ पारखून घेतली जाते.

मुचुन सोंग यांनी २०२१ पासून हा प्रस्ताव मांडला. पेजही ऑब्जसीग्रुपकडे बोट दाखवेल आणि गट मेल्यावर त्याच्या याद्या अख्ख्याच्या अख्ख्या पालकाच्या याद्यांना जोडल्या जातील. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि २०२५ मध्येही त्यावर नव्याने काम झालं. याद्या जोडणं स्वस्त आहे, कारण टोकाचे दोनचार पॉइंटर बदलले की काम झालं. पेजेस कितीही असोत.

शून्यप्रत

आता मुद्दा समजला. आम्ही आठवड्यातून एकदा 'ड्रॉप कॅशेस' (कर्नलला कॅशे सोडून द्यायला लावणारी सोय) चालवतो. त्याने मृत गट जातात की.

कर्नलवाचक

काही जातात, पण ते संपूर्ण मशीनवर चालतं. हयात कामांची गरम कॅशेही जाते आणि नंतर डिस्कवर वाचनाची लाट येते. शिवाय लिहायची बाकी असलेली पेजेस, कुणाच्या तरी नकाशात असलेली (एखाद्या प्रोसेसने स्वतःच्या मेमरीत जोडून घेतलेली) पेजेस आणि टीएमपीएफएसची पेजेस त्याने सुटत नाहीत. चालू प्रोसेसनी नकाशात घेतलेली शेअर्ड लायब्ररी हे अडकण्याचं मोठं कारण आणि तिलाच ते हात लावत नाही. ठराविक वेळाने ते चालवण्याच्या मी विरोधात आहे.

रात्रपाळी

मग नेमकं मोजायचं कसं आणि करायचं काय? नव्या मशीनवर कर्नल ६.१ आहे, सीग्रुपची दुसरी आवृत्ती.

कर्नलवाचक

मोजण्यासाठी 'सीग्रुप.स्टॅट' बघा. ४.१४ पासून तिथे मृत वंशजांची संख्या येते. नव्या कर्नलमध्ये ती कंट्रोलरनुसार वेगळीही मिळते. झाडाच्या प्रत्येक पातळीवर बघितलंत तर कुठल्या पालकाखाली साठतंय ते लगेच कळतं. पहिल्या आवृत्तीवर 'प्रॉक'मधल्या 'सीग्रुप्स' फाइलीतली मेमरीची संख्या आणि प्रत्यक्षातल्या डिरेक्टऱ्या यांची तुलना करतात. एकदाच मोठा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. तो सतत चढतोय की ताण आल्यावर उतरतो, ते महत्त्वाचं.

करायचं काय याबद्दल माझा क्रम असा. डिरेक्टरी काढण्याआधी, गट अजून हयात असताना, त्याच्या 'मेमरी.रिक्लेम' फाइलीत किती मेमरी परत घ्यायची तो आकडा लिहा. ही सोय ५.१९ पासून आहे, पहिल्या आवृत्तीत यासाठी 'मेमरी.फोर्स_एम्प्टी' होतं. मागितलं तेवढं मिळालं नाही तर कर्नल 'पुन्हा प्रयत्न करा' अशी एरर देतो, तिला घाबरायचं कारण नाही. डिरेक्टरी काढून झाली असेल तर पालकाच्या त्याच फाइलीत लिहा. रिक्लेम खालच्या मृत गटांपर्यंत जातो, पण हयात भावंडांचीही पेजेस उचलतो, म्हणून थोडं थोडं मागा. पालकाला विचार करून घातलेली 'मेमरी.हाय' मर्यादा हेच काम हळूहळू आपोआप करते.

दोन गोष्टी कर्नल आपल्या बाजूने करतो. गट ऑफलाइन होताना त्याचं 'मेमरी.मिन' आणि 'मेमरी.लो' संरक्षण शून्य केलं जातं, म्हणजे मृत गट संरक्षणाच्या आड लपू शकत नाही. आणि मृत गटाचं पेज स्वॅपमध्ये जाताना नोंद त्याच्या नव्हे तर वरच्या पहिल्या हयात गटाच्या नावावर होते. त्यामुळे स्वॅप चालू असलेल्या मशीनवर टीएमपीएफएसची थंड पेजेस बाहेर गेली की मृत गट सुटू शकतो. तुमच्या ६.१ वर एमजीएलआरयू (एलआरयू याद्यांची नवी पद्धत) चालू करायचा पर्यायही आहे, तो स्वतंत्रपणे तपासून बघा.

निळीशाई

मी 'केपेजसीग्रुप' फाइल वाचून कुठलं पेज कुठल्या मृत गटाचं आहे ते शोधायचा प्रयत्न करत होते. सगळी पेजेस पालकाचीच दिसतात.

जुनापेजर

ती फाइल मुद्दाम तशी आहे. गट ऑफलाइन असेल तर ती वरच्या सगळ्यात जवळच्या हयात गटाचा इनोड क्रमांक देते. मृत गट तिच्यातून दिसणारच नाहीत. त्यासाठी 'ड्रगन' नावाचं डीबगर साधन घ्या. चालू कर्नलच्या रचना पायथनमधून वाचता येतात. ऑफलाइन गटांची यादी काढायची, प्रत्येकाच्या एलआरयू याद्या चालायच्या, पेजवरून फाइल आणि फाइलीवरून इनोड. बहुतेक वेळा त्याच त्या चारदोन फाइली पुन्हा पुन्हा समोर येतात.

अल्पविराम

मला मूळ कल्पनाच खटकते. हिशेब पालकाकडे सरकवला तर मृत गटाची रचना जाईल हे मान्य. पण लायब्ररी वापरतोय हयात पोटगट आणि पैसे भरतोय पालक. ज्याने वापरलं त्याच्या नावावर चढवलं पाहिजे. पुढच्या वापराच्या वेळी पेज नव्या गटाकडे वळवता येणार नाही का?

कर्नलवाचक

@अल्पविराम, ही कल्पना खरोखर मांडली गेली आहे. २०२३ च्या कर्नल मेमरी परिषदेत योसरी अहमद यांनी मृत गटांचा विषय काढला तेव्हा पुनर्नोंदीचा पर्यायही चर्चेत होता. आक्षेप अनिश्चिततेचा. दहा गट एकच फाइल वापरत असतील तर ती कुणाच्या नावावर चढेल हे त्या क्षणी कोण आधी पोचलं यावर ठरेल. त्या गटाची मर्यादा काठावर असेल तर स्वतः काहीच नवीन न करता तो मर्यादेबाहेर जाईल आणि त्याच्या प्रोसेसला ओओएम (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) मारेल. मर्यादा आखणाऱ्या माणसाला याचं कारण कधीच सापडणार नाही.

मी पालकाच्या बाजूने आहे आणि ते केवळ सोपं म्हणून नाही. पोटगटाचा आकडा पालकाच्या आकड्यात पहिल्यापासून मोजलेलाच असतो. गट मेल्यावर पालकाचा आकडा वाढत नाही, फक्त त्यातल्या बेवारस भागाला मालक मिळतो. आणि भावंडं एकत्र वापरतात ती वस्तू त्यांच्या सामाईक पालकाच्या नावावर असणं मला तरी न्याय्य वाटतं.

अल्पविराम

पालकाचा आकडा वाढत नाही हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरीही पालकाकडे वर्षभर साठत गेलं तर?

जुनापेजर

साठेल, पण पालकाच्या याद्यांमध्ये इतर पेजेससारखंच. थंड झालं की रिक्लेममध्ये जाईल. त्यामागे गटांच्या रचनांची रांग उभी नसेल.

तोवर एक उपाय आजच करता येतो. 'पहिला स्पर्श' आपल्या सोयीचा करून घ्यायचा. सामाईक फाइली एखाद्या दीर्घायुषी गटातल्या प्रोसेसने आधी वाचून ठेवाव्यात, शक्य असेल तर 'व्हीएमटच' या साधनाने मेमरीत बांधून ठेवाव्यात. नुसत्या वाचल्या आणि मधे त्या बाहेर गेल्या, तर पुढचा आणणारा पुन्हा कुणीतरी अल्पायुषीच असेल, म्हणून बांधणं महत्त्वाचं. बांधलेली पेजेस रिक्लेम होत नाहीत हे लक्षात ठेवून मोजक्याच फाइली निवडा.

आणि प्रत्येक छोट्या कामाला नवा गट खरंच हवा का, हेही तपासा. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या २३८ व्या आवृत्तीपासून मेमरीचा हिशेब मूळातच चालू असतो, त्यामुळे टायमरवर चालणारी प्रत्येक सेवा दर वेळी गट बनवते आणि काढते. ज्या कामाची मेमरी वेगळी मोजायची नाही, त्याच्यासाठी तो बंद करता येतो.

रात्रपाळी

'ड्रगन' चालवलं. सगळे मृत गट एकाच पालकाखाली निघाले आणि जवळजवळ प्रत्येकाची उरलेली पेजेस टीएमपीएफएसची. कामं एका सामाईक टीएमपीएफएसमध्ये छोट्या कुलूप-फाइली आणि तात्पुरते निकाल लिहितात, पुसत कुणीच नाही. या मशीनवर स्वॅप बंद आहे, त्यामुळे ती पेजेस बाहेर जायला वाटच नव्हती. 'मेमरी.रिक्लेम'ने फरक का पडत नव्हता ते आत्ता कळलं.

जुन्या फाइली पुसल्यावर मृत गटांची संख्या लगेच खाली आली आणि पालकाचा आकडाही बेरजेच्या जवळ आला. आता प्रत्येक कामाला स्वतःचं टीएमपीएफएस देऊन ते कामाबरोबरच अनमाउंट करायचं ठरवतोय. त्यात काही अडचण दिसते का कुणाला?

कर्नलवाचक

अडचण नाही, उलट तेच करा. फक्त अनमाउंट झाल्याची खात्री करून मगच गटाची डिरेक्टरी काढा. एखाद्या दुसऱ्या माउंट नेमस्पेसमध्ये (काही प्रोसेसना दिसणाऱ्या माउंटच्या वेगळ्या संचात) त्या टीएमपीएफएसची प्रत उरली असेल, तर इकडे अनमाउंट करूनही पेजेस सुटणार नाहीत. 'प्रॉक'मधल्या प्रत्येक प्रोसेसच्या 'माउंटइन्फो'त ते शोधता येईल.